चालू हापसे किती?



ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्यांचा सार्वजनिक कामाकडे पाहण्याचा एक शिरस्ता होता. खर्च किती झाला हे विचारून झाले, की त्यातून लोकांच्या पदरात काय पडले हे ते लगेच विचारत. आजचा विषय त्या शिरस्त्याला धरूनच आहे. समाजापुढचे मोठे प्रश्न सोडवण्यासाठी सरकारे संशोधनाला कसे कामाला लावतात, यावर बोलावे असे मला सांगण्यात आले. विषयाचा आवाका मोठा आहे. मी तो एका साध्या यंत्रापाशी आणून उभा करणार आहे. ते यंत्र म्हणजे गावोगावचा हापसा.

अलीकडे जगभरच्या राजधान्यांत ‘मिशन’ या शब्दाला फार भाव आला आहे. युरोपीय संघाने २०२१ साली पाच मिशने जाहीर केली. कर्करोग, हवामानबदलाशी जुळवून घेणे, समुद्र आणि नद्या, कार्बनमुक्त शहरे आणि सकस माती असे त्यांचे विषय आहेत. मारियाना माझुकातो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या चांद्रमोहिमेचा दाखला देत, सरकारने बाजाराच्या मागे फरफटत न जाता दिशा ठरवावी, असा आग्रह धरला आणि त्याला अनेक देशांत श्रोते मिळाले. आपल्याकडे २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. २०२५ साली खाजगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. संशोधनावर आपण फारच थोडा खर्च करतो, अशी तक्रार करत माझ्या पिढीची उमेद गेली. त्यामुळे हे आकडे ऐकून मला मनापासून बरे वाटते.

चंद्राच्या दाखल्यापाशी मात्र मी थबकतो. रिचर्ड नेल्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७७ साली ‘द मून अँड द गेटो’ नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. माणूस चंद्रावर पोचवणाऱ्या देशाला आपल्याच शहरातल्या गरीब वस्तीतली शाळा का सुधारता येत नाही, हा त्याचा प्रश्न होता. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या वाजवायलाच हव्या होत्या. पण चंद्रावर उतरताना कोणाची विहीर आटत नाही, कोणाचा ऊस वाळत नाही, कोणाच्या मतांचे गणित बिघडत नाही. यान उतरले की काम फत्ते होते. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असा एका संध्याकाळी संपत नाही. आज सुटलेला दिसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दारात उभा राहतो. असल्या प्रश्नाला सरकार संशोधनाने कसे भिडले, याचे आपल्याच मातीतले उदाहरण मला चांद्रमोहिमेपेक्षा जास्त शिकवून गेले आहे.

१९६६–६७ च्या बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या दुष्काळापासून सुरुवात करू. पाठोपाठ आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आला. तो पाहिलेले काही जण या सभागृहात बसले असतील. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसलेला आहे. या दगडात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. आपल्या पूर्वजांनी रुंद विहिरी खोदल्या त्या यासाठीच, की मिळेल तेवढे पाझराचे पाणी रात्रभर गोळा व्हावे. पण लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला की या विहिरी तळ दाखवतात. पाणी असते ते आणखी खाली, आणि तिथवर सुरुंग आणि पहार घेऊन जायचे तर महिने लागतात.

नवे तंत्र इथे आले. दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा थेट भोकाच्या तळाशी दगड फोडतो आणि त्याच हवेने दगडाचा चुरा वर उडून येतो. अशा यंत्राने कठीण पाषाणात सहा इंच व्यासाचे भोक दीडशे-दोनशे फुटांपर्यंत एक-दोन दिवसांत पाडता येते. युनिसेफने ही यंत्रे परदेशातून आणली, केंद्राने आणि राज्यांनी ती गावोगाव फिरवली. १९७२ साली पुण्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. त्याच सुमारास केंद्राने ग्रामीण पाणीपुरवठ्याला वेग देणारा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे माप पुढे असे ठरले : दर माणशी दिवसाला ४० लिटर पाणी, २५० माणसांमागे एक हापसा, आणि सपाट प्रदेशात दीड किलोमीटरच्या आसपास पाण्याची सोय.

कागदावर काम झपाट्याने पुढे सरकत होते. बोअर किती पाडल्या याचे आकडे दरमहा वर जात आणि ते खरेही होते. मग १९७४ च्या सुमारास कोणीतरी वेगळी मोजणी केली. बसवलेल्या पंपांपैकी चालू किती, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिले. सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद होते.

हा आकडा जरा नीट डोळ्यांसमोर आणा. लाखो रुपयांचे यंत्र गावात आले, गावाने नारळ फोडला, पाणी लागले, टाळ्या झाल्या आणि काही महिन्यांत त्या भोकावर एक गंजलेला लोखंडी खांब उरला. बाया पुन्हा जुन्या विहिरीच्या वाटेला लागल्या. कार्यक्रमाच्या दप्तरात मात्र ते गाव ‘पाणीपुरवठा झालेले’ म्हणून नोंदलेले राहिले. दुसऱ्यांदा मागणी करायची, तर त्या नोंदीनेच वाट अडवलेली.

पंप का मोडत होते? ते बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी घडवलेल्या पंपांच्या नकला होत्या. तिथे एक कुटुंब दिवसातून काही वेळा दांडा मारी. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग लागायची, आणि पाणीही कितीतरी खोलवरून उपसावे लागायचे. दांडा ज्या खिळीवर फिरतो तिचे भोक झिजून ढिले व्हायचे. मग दांडा डुलायचा, खाली जाणारी सळई तिरकी ओढली जायची आणि एक दिवस तुटायची. बीड ठिसूळ असते, ते तडकले की जोडता येत नाही. दोष गावकऱ्यांच्या हाताळणीचा आहे असे कित्येक अहवाल सांगत. खरी गोष्ट अशी, की एका घरासाठी घडवलेले यंत्र आपण सबंध गावाच्या रांगेपुढे उभे केले होते.

उपाय कुठे सापडला हे आपण मराठी माणसांनी तरी लक्षात ठेवावे. तो जालन्यात आणि सोलापुरात सापडला. जालन्याच्या स्कॉटिश मिशनने दुष्काळाच्या कामात बोअर पाडायला घेतल्या होत्या, आणि आपणच बसवलेले पंप मोडताना त्या लोकांना रोज पाहावे लागत होते. त्यांनी बिडाचा नाद सोडून पोलादी पत्र्याचा आणि नळीचा पंप बनवला. सोलापूरच्या मिशनच्या वर्कशॉपमध्ये त्याच वाटेने आणखी टिकाऊ पंप घडला. या पंपांचे डोके उघडून पाहिले तर आत नवल वाटण्यासारखे काही दिसत नाही. दांडा फिरतो तो बंदिस्त बॉल बेअरिंगवर, त्यामुळे धूळ आत जात नाही आणि रोज तेल घालावे लागत नाही. दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखा कमानदार भाग असतो, त्यावरून साखळी सुटते आणि साखळीच्या टोकाला सळई लटकते. दांडा वर-खाली कसाही हलला, तरी साखळी कमानीवरून उलगडत जाते आणि सळई सरळ उभ्या रेषेतच राहते. तिरका ताण पडण्याचा प्रश्नच मिटला. दांडाही पोकळ न ठेवता भरीव केला. त्याचे वजन खालच्या सळईच्या वजनाला तोलते, म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही पाणी ओढता येते.

हे पंप टिकत होते. पण जालन्याचा भाग सोलापूरच्या पंपाला बसत नसे. पुढे ज्यांनी नक्कल केली, त्यांच्या भागांचा आणखी कोणाशी मेळ नसे. चांगली वस्तू दोन-तीन वर्कशॉपांत अडकून पडली होती. इथून पुढचे काम मिशनच्या ताकदीबाहेरचे होते, आणि इथेच सरकारची खरी भूमिका सुरू होते. माझ्या आजच्या बोलण्याचे मर्म याच टप्प्यात आहे.

सरकारने आणि युनिसेफने काय केले? पहिली गोष्ट, प्रयोगशाळेला कोऱ्या कागदावर पंप काढायला सांगितले नाही. क्षेत्रात टिकलेला सोलापूरचा पंप पाया म्हणून धरला. चेन्नईत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची यांत्रिकी संशोधनाची संस्था होती, तिच्या अभियंत्यांनी त्याची आखणी केली. पायथ्याचा खांब रुंद केला. तो बोअरच्या केसिंग पाइपवर टोपीसारखा बसून भोवतीच्या काँक्रीटमध्ये गाडला जाऊ लागला, म्हणजे ओट्यावर सांडलेले घाण पाणी परत बोअरमध्ये झिरपायला वाट राहिली नाही. रिचर्डसन अँड क्रुडास ही मूळची भायखळ्याची, तोवर सरकारी मालकीची झालेली कंपनी. तिच्या चेन्नईच्या कारखान्यात उत्पादन घ्यायचे ठरले. नमुने कोइम्बतूरच्या परिसरात, म्हणजे जिथे पाणी खोल आणि वापर भरमसाट, तिथे बसवून मोडेपर्यंत वापरू दिले. या पंपाचे नाव ‘इंडिया मार्क टू’. १९७७–७८ पासून त्याचे नियमित उत्पादन होऊ लागले.

दुसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. या पंपाचे पेटंट कोणी घेतले नाही. नकाशे खुले ठेवले. पण खुले म्हणजे मोकाट नव्हे. १९७९ साली भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक प्रसिद्ध केले, आयएस ९३०१. कोणत्या जाडीची नळी, कोणती साखळी, किती जस्ताचा मुलामा, भोके कुठे आणि किती अंतरावर, हे सगळे त्यात लिहिलेले होते. युनिसेफने ठरवले, की मानकाप्रमाणे माल काढू शकतो असे आधी सिद्ध करील त्याच कारखान्याकडून खरेदी करायची आणि माल कारखान्यातून बाहेर पडण्याआधी त्रयस्थ तपासनीसाने तपासायचा. या दोन अटींच्या बदल्यात कारखानदाराला मोठ्या आणि सलग मागणीचा भरवसा मिळाला. त्या भरवशावर लहान-मोठ्या कारखान्यांनी जिग आणि फिक्श्चर बनवले, म्हणजे प्रत्येक भोक प्रत्येक पंपात त्याच जागी पडेल अशी सोय केली. कारखाने डझनांनी वाढले, चढाओढीने किंमत खाली राहिली, आणि एका कारखान्याची साखळी दुसऱ्याच्या पंपाला बसू लागली. १९९० चे दशक संपेपर्यंत या जातीचे ५० लाखांवर पंप जगभर बसले होते. आफ्रिकेतल्या कित्येक गावांत आजही बायका याच दांड्यावर पाणी ओढतात.

सरकारी खरेदीत काम केलेल्यांना या गोष्टीची किंमत लगेच कळेल. आपल्या कचेऱ्यांत सर्वांत कमी दराच्या निविदेला ‘एल-वन’ म्हणतात आणि एल-वन सोडून दुसऱ्याला काम दिले, तर पुढची दहा वर्षे लेखापरीक्षणाला उत्तरे देत बसावे लागते. म्हणून अधिकारी डोळे मिटून एल-वन घेतो. हापशाच्या बाबतीतही काही राज्यांनी चार पैसे वाचवायला पातळ पत्र्याचे, मानकाबाहेरचे पंप घेतले आणि ते लवकर बंद पडले. कमी दराचा आग्रह मुळात चुकीचा नाही. दर मागण्याआधी वस्तू काय आणि कशी हवी हे नेमके लिहावे लागते, आणि आलेला माल उघडून पाहावा लागतो. एलईडी दिव्यांच्या बाबतीत हे आपण अलीकडेच करून दाखवले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा घाऊक मागणीच्या जोरावर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. तिथे सरकारने दिव्याचा शोध लावला नव्हता. आपण किती घेणार हे सांगण्याची ऐपत त्याच्याकडे होती, आणि ती त्याने वापरली.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. चांगल्यात चांगले यंत्रही बिघडतेच. तमिळनाडूने त्रिस्तरीय व्यवस्था बसवली. गावात हापशाची देखभाल करणारा एक गावकरी, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह फिरते पथक, अशी तिची रचना होती. पुढे देशभर तोच नमुना गेला. पण त्यातही एक पेच होता, आणि तो यंत्राच्या पोटात होता. मार्क टूच्या तळाच्या सिलिंडरमधले वॉशर झिजले, की ते बदलायला सगळी पाइपलाइन वर काढावी लागे. शंभर-दीडशे फूट पाण्याने भरलेले लोखंडी पाइप असत. तिवई उभारायची, क्लॅम्प लावायचा, दहा-दहा फुटांचा एकेक तुकडा वर ओढून पान्याने सोडवायचा, आणि पकड सुटली तर सगळी माळ बोअरमध्ये जायची. चार-पाच तगडी माणसे आणि गाडी लागे. ती गाडी कधी येईल याची वाट पाहत गाव आठवडे काढी. एका चामड्याच्या वॉशरसाठी!

याला उत्तर म्हणून १९८० च्या दशकात कोइम्बतूर भागातच वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन मार्क थ्री तयार झाला. त्याची पाइप रुंद असते, म्हणून पाइप जागेवर ठेवून आतून फक्त सळई आणि दट्ट्या वर काढता येतो. दोन माणसे ते काम करू शकतात. आणि ती माणसे बायकाही असू शकतात, हे राजस्थानात आणि उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात सिद्ध झाले. पाणी भरणारी बाई पंप उघडून दुरुस्त करू लागली, तेव्हा दुरुस्तीचा वेळ कमी झाला यात नवल नाही. पंप बंद पडल्याची झळ तिलाच पहिली लागत होती. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा पंप काढण्यासाठी पुन्हा पैसे आणि वर्षे खर्चायची तयारी सरकारी कार्यक्रमांत दुर्मीळ असते. ‘ते काम झाले की’ असे म्हणून फाइल बंद करण्याचा मोह तिथे टाळला गेला, याचे श्रेय त्या काळच्या अभियंत्यांना आणि प्रशासकांना दिलेच पाहिजे.

या साऱ्याचे फळ काय? मी एकच सांगतो, कारण ते आता विस्मरणात चालले आहे. तुमच्यापैकी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना नारू आठवत असेल. पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोके काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे ओढून काढायचा. घाईने ओढला आणि तुटला, तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला. ऐन पेरणीत घरातली कर्ती माणसे अशी पडून राहत. आग शमवायला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी, कृमी तिथे हजारो पिल्ले सोडी, ती पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात वाढत आणि तेच पाणी दुसरा पिई. या रोगावर लस नाही, कृमी मारणारे औषधही नाही. १९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते, त्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बुजवणे किंवा बांधून काढणे, पाणी फडक्याने गाळणे, घरोघर रुग्ण शोधणे आणि जिथे नारू तिथे आधी हापसा, या मोहिमेने नारू आटोक्यात आला आणि १९९६ च्या जुलैमध्ये जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. देवीनंतर आपण हद्दपार केलेला हा दुसरा रोग. त्यासाठी औषधी रेणू शोधण्याची गरज पडली नाही. साखळी आणि बेअरिंगचा पंप वेळेवर गावात पोचणे आणि पोचल्यावर चालू राहणे याने ते झाले. संशोधन धोरण म्हटले की ज्यांना फक्त प्रयोगशाळा आठवते, त्यांनी नारूचा हा इतिहास जरूर वाचावा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान अर्धवट राहील.

हापसा वर आणतो ते पाणी कसे आहे, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. जंतू नाहीत म्हणजे पाणी शुद्ध, असे धरून चाललो होतो. खोल दगडातल्या पाण्यात फ्लोराइड असू शकते. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ते आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे ताठरतात. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ शोधली, ती जगभर नावाजली गेली. पण रोज मोजून तुरटी कोणी घालायची, तळाचा गाळ कोणी उचलायचा आणि कुठे टाकायचा, याची व्यवस्था गावात उभी राहिली नाही. जिथे ती नव्हती तिथे पद्धतही टिकली नाही. बंगालमध्ये याहून भयंकर घडले. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हातापायांवर काळे डाग आणि चट्टे घेऊन खेडूत येऊ लागले. ते आर्सेनिकाचे विष होते, आणि ते उथळ नळविहिरींच्या पाण्यातून येत होते. पुढे बांगलादेशात कोट्यवधी लोक तेच पाणी पीत असल्याचे निघाले. तिथले पंप वेगळ्या जातीचे होते, पण कामाची रीत तीच होती. विहीर पाडायची, आकड्यात एक मिळवायचा आणि पुढच्या गावाला जायचे. पटकीपासून पोरे वाचावीत या कळकळीने ते काम झाले होते, हे मी जाणतो. म्हणूनच ते मला अधिक सलते. पाणी तपासण्याच्या यादीत एक ओळ वाढवायची होती, ती कित्येक वर्षे वाढलीच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला जास्त जवळची. ज्या यंत्राने गावाला प्यायला पाणी दिले, त्याच यंत्राने नंतर शेतकऱ्याला सिंचनाची बोअर दिली. त्यात वाईट काही नव्हते, द्राक्षे आणि मोसंबी त्यावरच जगली. पण विजेचा आकार अश्वशक्तीवर, पाणी कितीही उपसा. मग दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट अशी चढाओढ लागली आणि गावच्या हापशाखालचे पाणी सरकले. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ठरावीक अंतरात नवी विहीर घेऊ नये असा कायदा महाराष्ट्राने १९९३ साली केला. २००९ साली त्याहून व्यापक कायदा झाला. शेजाऱ्याच्या बोअरविरुद्ध तक्रार करायला गावात कोण पुढे येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पंप कितीही उत्तम असो, ही भांडणे तो सोडवू शकत नाही. नेल्सन म्हणतो तो भेद हाच. तंत्राचा प्रश्न सुटला, हितसंबंधांचा तसाच राहिला, आणि तंत्राच्या यशानेच तो जास्त अवघड केला.

हापशाची रीत दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला लागू पडते का, असे कोणी विचारील. पुण्याचेच उदाहरण देतो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला पट्टाभर देशांत मेनिंजायटिसच्या साथी येत. १९९६–९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना या लशीत रस नव्हता, कारण गिऱ्हाईक गरीब. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एक गोष्ट ठाम सांगितली : डोस अर्ध्या डॉलरच्या आत पडला तरच आम्हाला परवडेल. २००१ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने ती किंमत आधी मान्य केली आणि मग लस शोधायला घेतली. जिवाणूच्या कवचातली साखर धनुर्वाताच्या निष्प्रभ विषाला जोडण्याची कृती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे सरकारी, प्रयोगशाळेतून आली. धनुर्वाताची लस स्वस्तात बनवण्यात हातखंडा असलेल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादन उचलले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये ती टोचायला सुरुवात झाली. जिथे ती सर्वांना दिली गेली, तिथे ‘ए’ जातीच्या जिवाणूचा आजार जवळपास नाहीसा झाला. बर्फाच्या पेट्या मिळत नाहीत अशा गावांसाठी ती काही दिवस ४० अंश तापमानात ठेवायची रीतसर मुभाही पुढे मिळाली. तीही वापरणाऱ्याच्या अडचणीतून सुरू झालेली सुधारणा. नंतर जिवाणूच्या दुसऱ्या जातींनी साथी आणल्या, तेव्हा पाच जातींवरची नवी लस घडवावी लागली आणि २०२३ साली तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. प्रश्नाने रूप बदलले, तरी काम करणारे तिथेच टिकून होते.

आता आजच्या महाराष्ट्राकडे येऊ. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ उजाडेपर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. माप आता दर माणशी ५५ लिटर आहे, आणि तेही दारात. डोक्यावरचा हंडा खाली उतरावा यासाठी एवढा पैसा आणि एवढी इच्छाशक्ती यापूर्वी कधी लागली नव्हती. याबद्दल कोत्या मनाने बोलणे मला जमणार नाही. म्हणूनच मी १९७४ ची मोजणी पुन्हा मागतो. नळजोडण्या किती, हा बोअर किती पाडल्या यासारखा आकडा आहे. नळाला पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ येते, त्यात फ्लोराइड आणि नायट्रेट किती, मोटार जळली तर किती दिवसांत नवी बसते, वीजबिल थकले म्हणून योजना किती दिवस बंद होती, हे आकडे गावाच्या फलकावर लागले पाहिजेत. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद या मिशनमध्ये आहे. त्यांनी लिहिलेली नोंद वरच्या कचेरीत वाचली जाते का, आणि वाईट निकालाच्या दिवशी त्यांना कोणाला फोन करायचा हे माहीत असते का, हेही विचारले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला मिळणारे मानधन पाहिले, तर गावाच्या स्तरावर आपण किती विसंबतो आणि किती कमी देतो हे कळते.

संशोधनाच्या नव्या निधीविषयीही एक ठोस मागणी मी या व्यासपीठावरून करतो. त्यातला काही वाटा पाण्याच्या थोड्या, नेमक्या प्रश्नांसाठी राखावा. उदाहरणादाखल, रोज रसायन मोजून घालावे लागणार नाही असा, गावातल्या दोन महिलांना खोलून साफ करता येईल असा फ्लोराइड काढण्याचा संच. त्यात धरून ठेवलेले फ्लोराइड आणि गाळ परत कोण नेणार हे मानकातच लिहावे. किंमत आधी ठरवावी, किती संच घेणार ते आधी सांगावे, नकाशे खुले ठेवायला लावावेत. स्पर्धेचा निकाल सादरीकरणाच्या सभागृहात न लावता किनवट, झरी जामणी अशा फ्लोराइडग्रस्त भागांत तीन उन्हाळे संच बसवून लावावा. आणि पैशाचा मोठा हप्ता संच बसवल्यावर देऊ नये, तो तिसऱ्या वर्षी चालू सापडलेल्या संचांच्या संख्येवर द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या मसुद्यात तीन-चार कलमे लागतात, आणि त्यांच्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी लेखापरीक्षणाच्या वेळी उभे राहणारा मंत्री लागतो. मोजणीचा महिनाही मसुद्यातच छापून टाकावा. पावसाळ्यात सगळे संच चालू दिसतात आणि सगळ्या विहिरी भरलेल्या दिसतात, म्हणून तो महिना मे असावा.